फॅमिलीत किती?

"काका, फॅमिलीत किती मेंबर?"

काउंटरमागच्या पोरानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, आणि मीही पाकिटातलं आधार कार्ड शोधता शोधता सांगून टाकलं, "चार." बेळगावच्या खडेबाजारातलं ते मोबाइलचं दुकान, घरच्या सगळ्या फोनांना मिळून एक फॅमिली प्लॅन घ्यावा म्हणून गेलो होतो. बाहेर रणरणतं ऊन, आत एसीची गारठ, नव्या प्लास्टिकचा वास आणि कुठल्या तरी मोबाइलवर त्याच त्याच चार ओळी वाजवणारं गाणं. माझ्या उजव्या हाताला, लाल प्लास्टिकच्या स्टुलावर आई बसली होती. डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते, त्याच्या तपासणीसाठी तिला गावाहून आणलं होतं. डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा, मांडीवर निळ्या-पांढऱ्या वायरची पिशवी, पिशवीत थेंबांच्या दोन बाटल्या आणि केळी. दवाखान्यातून घरी जाताना वाटेत पाच मिनिटांचं काम उरकून घेऊ म्हणून मी तिला तिथं बसवलं होतं. मी "चार" म्हणालो तेव्हा तिनं मान माझ्याकडं वळवली की नाही, हे त्या काळ्या चष्म्यामुळं कळलं नाही. समोरच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं. सोफ्यावर बसलेले नवरा, बायको, दोन मुलं आणि मागं उभे राहून हसणारे पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा. सगळ्यांच्या हातात फोन. आई तिकडं तोंड करून बसली होती, एवढं मात्र नक्की.

पोरगा चुणचुणीत होता. माझ्याशी मराठीत, मागच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि फोनवर साहेबाशी हिंदीत, असं तिन्ही एकदम चालवत होता. आपल्या बेळगावच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं कागदावर आकडे मांडले, मी तो कागद घडी घालून खिशात टाकला, विचार करून सांगतो म्हणालो आणि आम्ही बाहेर पडलो. गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर आईनं चहा मागितला. बशीत ओतून, फुंकर मारून प्यायली. "पोरगं हुशार हाय," एवढंच म्हणाली. मग सीबीटी बसस्टँडवर जाऊन बस पकडायची घाई. मी म्हटलं, आज राहा. तर म्हैस कोण पिळणार, म्हणाली.

ते "चार" मला रात्री टोचलं. जेवून हिशेबाला बसलो, कागदाची घडी उलगडली, आणि त्या पोरानं काढलेले चार गोल दिसले. एक मोठा, त्याला जोडलेले तीन छोटे. मोठ्यात "मेन", छोट्यांत एक-दोन-तीन. मी, बायको, पुण्याला नोकरी करणारा मुलगा आणि इथं कॉलेजला असलेली मुलगी. चार बरोबरच होते. आमच्या रेशन कार्डावरही चारच नावं आहेत. आईचं कार्ड वेगळं, गावच्या घराचं, त्यावर एकटीचं नाव. म्हणजे मी खोटं काही बोललो नव्हतो. पण खरं तर खरं, असं मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि दर खेपेला त्या लाल स्टुलाची आठवण आली.

पेशानं मी हिशेबनीस. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तेवीस वर्षं लोखंडाचे आणि माणसांचे आकडे जुळवतोय. त्यामुळं फोनचे प्लॅन हा माझ्या घरात माझा प्रांत. बायको म्हणते, तुम्हाला बचतीपेक्षा बचत शोधण्यातच जास्त गोडी. असेल. 2024 च्या जुलैत खासगी कंपन्यांचे दर चढले तेव्हापासून मी डोक्यात हा हिशेब घोळवत होतो. प्रीपेडचा पॅक तेव्हा 299 चा, पण 28 दिवसांचा. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, कंपनीचा दरवर्षी येतो. चौघांचे मिळून वर्षाला 15,548. उलट फॅमिली प्लॅन पोस्टपेड, म्हणजे कॅलेंडरच्या महिन्याचा: मुख्य नंबराला 449, जोडलेल्या प्रत्येकाला 150. झाले 899. इथं बरेच लोक फसतात, कारण प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो आणि पोस्टपेडवर 18 टक्के वरून लागतो. 899 चे 1,060 रुपये 82 पैसे होतात. वर्षाला 12,730. बचत 2,818. पुढं दुसऱ्या कंपनीचे आकडे, तिसरीचे आकडे, कुणाचा डेटा साठून पुढच्या महिन्यात जातो, कुणाबरोबर कुठलं सिनेमाचं अ‍ॅप फुकट, हे सगळं मी चौकटी आखून लिहिलं होतं. आता त्या चौकटीत पाचवा रकाना घातला. वर "आई" लिहिलं. आणि हिशेब तिथंच अडला, कारण आईचा फोन कर्नाटकातला नाही.

माणूस कर्नाटकातलं, घर कर्नाटकातलं, फोन महाराष्ट्राचा.

आमचं गाव बाचीच्या अलीकडं. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा मागं टाकत गेलं की 15-20 किलोमीटरवर शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. मधली रेघ माणसांना दिसत नाही, ती फक्त डांबराचा रंग बदलतो तेव्हा आणि फोन थरथरतो तेव्हा कळते. आईला पहिला फोन मी दिला, माझाच जुना, बेळगावात घेतलेल्या कार्डाचा. आणि त्या फोनची एक खोड निघाली. तो सोप्यात असला की कर्नाटकात असायचा आणि चुलीपाशी नेला की महाराष्ट्रात जायचा. शिनोळीकडचा टॉवर उंचावर, त्याची रेंज थेट आमच्या परड्यात उतरायची. त्या काळात परराज्यात फोन घेतला तरी पैसे कापत. मिनिटाला पावणेदोन रुपये, मग 2013 च्या जुलैत 75 पैसे, 2015 च्या मे महिन्यात 45 पैसे. हे आकडे मला पाठ आहेत कारण ते मी भरलेत. आई भाकरी थापत फोन उचलायची आणि तेवढ्यात परराज्यात जाऊन यायची. बॅलन्स कुठं जातो म्हणून मी तिला दोनदा रागावलोही. पुढं एकदा त्याच चुलीपाशी बसून मी स्वतः फोन केला आणि बॅलन्स तपासला तेव्हा चोर सापडला. मी तिला सांगितलं, बोलायचं तर सोप्यात येऊन बोल. ती म्हणाली, भाकरी करपेल ती कुणाच्या राज्यात?

धाकटी बहीण दिलीय पाटणे फाट्याच्या बाजूला. एसटीनं अर्ध्या तासाची वाट, पण तिला फोन म्हणजे एसटीडी. नंबराच्या आधी शून्य लावायचं, नाही लावलं तर फोन लागायचा नाही. म्हणून मग मिसकॉलांची एक भाषा ठरली. एक वाजून बंद, म्हणजे पोचलो. दोनदा वाजला, म्हणजे तू कर. तीनदा वाजला तर काही तरी झालंय, हातातलं टाकून कर. तिसरा प्रकार दोनदाच आला. एकदा बहिणीच्या सासूच्या वेळी आणि एकदा चुकून, भाच्यानं खेळताना दाबला म्हणून. तेव्हा आई शेजारच्या पोराच्या मोटरसायकलवर बसून पाटणे फाट्यापर्यंत जाऊन आली होती. हे सगळं बघून दाजींनी एक दिवस स्वतःच्या नावावर कार्ड काढलं आणि आईच्या फोनात घालून दिलं. महाराष्ट्राचं. चुलीपाशी पूर्ण रेंज, लेकीला साधा दर, शून्याची भानगड नाही. आईनं कार्डाचे पैसे जावयाच्या हातावर मोजून ठेवले, वर नारळ दिला. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिताना विचार करणारी पिढी. जावयाच्या पैशानं बोलणं तिला कसं रुचणार?

2015 च्या 15 जूनपासून बीएसएनएलनं देशभर येणारे फोन फुकट केले, बाकीच्या कंपन्याही पुढं त्याच वाटेनं गेल्या, आणि आमची सरहद्द निदान फोनच्या बिलातून पुसली गेली. पण कागदावर ती आहेच. फोनवाल्यांनी देशाचे 22 तुकडे केलेत, त्यांना ते सर्कल म्हणतात. कर्नाटक एक सर्कल. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, मुंबई तेवढी वेगळी. गंमत बघा, 1967 च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात जायला नकार दिला, आणि फोनच्या नकाशावर मात्र दोघांचं एकच घर आहे. माझा धाकटा भाऊ फोंड्यात, मुलगा पुण्यात, बहीण पाटणे फाट्याला, आणि आईचं कार्ड शिनोळीचं: सगळे एका सर्कलमध्ये. बाहेरचा कोण, तर मी, माझी बायको आणि मुलगी. हे मला त्या रात्री पहिल्यांदा असं ओळीनं दिसलं. आईचा नंबर माझ्या प्लॅनमध्ये आणायचा तर तो आधी दाजींच्या नावावरून काढायचा, मग महाराष्ट्रातून कर्नाटकात आणायचा. तेही होतं आता. 2015 च्या जुलैपासून नंबर तोच ठेवून राज्य बदलता येतं. 1900 वर मेसेज टाकायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो, आणि राज्य बदलायचं असेल तर कामाचे पाच दिवस. आपल्या सीमाभागाच्या राज्य बदलण्याच्या दाव्याला सुप्रीम कोर्टात 2004 पासून तारखा पडतायत, आणि इथं पाच दिवस; तेही रविवार सोडून.

यात अजून एक गोष्ट होती. ती बाई.

आई फोन लावते आणि समोरचा बोलत असला की एक बाई बोलते. माझ्या फोनवरची बाई कन्नड बोलते, बहिणीच्या फोनवरची मराठी; आपण ज्याला लावतो त्याच्या कंपनीची ती बाई असते. आईला हे कधीच कळलंय. "तुझी बाई म्हणालती तू बोलालास म्हणून," असं ती मला सांगते. एकदा मुलगी आजीला म्हणाली, तुझा नंबर इकडचा केला तर पैसे संपल्यावर वगैरे जे सांगतात ते पण कन्नडमध्ये येईल बघ. मला वाटलं, हा खरा मुद्दा. आमच्या घरात भाषेवरून वातावरण तापायला वेळ लागत नाही. वडील दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून मराठी माणसांच्या निषेधाच्या मूक फेरीत चालायचे, शेवटच्या वर्षी गुडघे दुखत असतानाही गेले होते. मीही जोरात काही तरी बोललो. तर आई म्हणाली, "कानडी कळतंय की मला." आणि ते खरंच आहे. तीस वर्षं तिनं बेळगावच्या बाजारात रताळी आणि बटाटे विकलेत. बैलहोंगलकडच्या, सौंदत्तीकडच्या गिऱ्हाइकांशी तिची कानडी अशी सुटते की समोरच्याला तिचं गाव ओळखता येत नाही. तिची तक्रार वेगळीच होती. "खरं त्या बाईचं कानडी कळत न्हाई. ते बेंगळूरचं. 'नीवु करे माडिरुव चंदादाररु' म्हणती. चंदादार म्हणजे काय रे? कसला चंदा? गणपतीचा?" मी सांगितलं, चंदादार म्हणजे वर्गणीदार, ज्याच्या नावावर फोन आहे तो. ती थोडा वेळ गप्प बसली. "म्हणजे माझ्या फोनचा चंदादार जावई," म्हणाली. आणि मग स्वतःशीच हसली. "चंदा मी भरतो, दार त्येचं."

हिच्या जिभेचं मला अजून कौतुक आणि धसका दोन्ही वाटतात.

तर एका रविवारी मी तयारीनं गावी गेलो. खिशात दोन फोन, त्यांत चार कंपन्यांची कार्डं, एक माझं, एक मुलीचं, दोन ऑफिसातल्या मित्रांकडून मागून आणलेली. कुठल्या कंपनीचा प्लॅन घ्यायचा हे कागदावर ठरत नाही, घरात चालून ठरतं, असं माझं मत. आमचं घर जुनं, मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती. उन्हाळ्यात गार, पण रेंजच्या बाबतीत किल्ला. मी हातात फोन धरून सोपा, माजघर, देवघर, चूल, गोठा अशी प्रदक्षिणा घातली. एकीची रेंज देवघरात पूर्ण आणि चुलीपाशी शून्य. दुसरीची सगळीकडं दोन रेघा, पण बोलताना आवाज विहिरीतून आल्यासारखा. तिसरीची गोठ्यात इतकी उत्तम की मी म्हशीच्या शेजारी उभा राहून पुण्याच्या पोराला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं आधी म्हशीची चौकशी केली. चौथी माळ्यावर सापडली, माळ्यावरच राहिली. मधेच सगळ्या फोनांवर महाराष्ट्रात स्वागत आणि कर्नाटकात स्वागत असे मेसेज येत राहिले. गोठ्याच्या दारात उभं राहिलं तर दोन्ही राज्यं आळीपाळीनं स्वागत करत होती. आई अंगणात भात पाखडत बसली होती. सुपाचा तो कोरडा, एकसारखा आवाज. माझ्या प्रत्येक फेरीला ती वर बघायची आणि काही विचारायची नाही. चष्मा आता साधा झाला होता. शेवटी म्हणाली, "काय हरवलंय काय?"

मग मी बोललो. तो दुकानातला दिवस काढला नाही. नुसतं म्हणालो, आम्ही नवा फॅमिली प्लॅन घेतोय, त्यात तुझाही नंबर घालू. पोराला त्याच्या कंपनीनं फोन दिलाय, त्याची जागा तुला. तुला दर महिन्याला रिचार्जला जायला नको, सगळ्याचं एक बिल, मी भरणार. तिनं सूप खाली ठेवलं. "एक बिल म्हंजे?" मी खिशातला तो कागद काढला. मोठा गोल, तीन छोटे गोल. हा मी, ही तुझी सून, ही नात, ही तू. मोठ्यातून छोट्याला रेघा. तिनं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. ऑपरेशननंतर तिला सगळंच जरा नवीन दिसत होतं.

"म्हंजे मी तुझ्या फोनची शेपूट?"

मी म्हणालो, तसं नाही गं, नुसतं बिलापुरतं. ती म्हणाली, मग बिल तू न्हाई भरलंस तर माझा फोन बंद पडणार की न्हाई? पडणार. मी कुणाला किती बोलालोय ते तुला दिसणार की न्हाई? मी म्हणालो, मी कशाला बघू? ती म्हणाली, बघशील म्हणत न्हाई, दिसणार का विचारालोय. मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मुख्य नंबराच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या नंबरांचा वापर दिसतो, हे मी स्वतः गुण म्हणून वहीत लिहिलं होतं, मुलीच्या डेटावर लक्ष राहील म्हणून. मग मी दुसरी बाजू लावली. निदान ते 28 दिवसांचं सोड, म्हटलं. तुझ्या बटणाच्या फोनला 199 चा पॅक, त्यात 2 जीबी डेटा, तो तू काय चुलीत घालणार? नुसत्या बोलण्याचे पॅक द्यायला हवेत असा नियम फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या ट्रायनं 2024 च्या डिसेंबरात काढला, तसे पॅक आलेत, 84 दिवसांचे, वर्षाचेही. एकदा भरलं की झालं. ती म्हणाली, वर्षाचे पैसे आदुगर द्यायचे आणि मी मधेच गेले तर? हे ती इतक्या सहज म्हणाली की मला हिशेब सुचेना. डेअरीचं बिल येतं, त्यातून ती फोनचे बाजूला काढते, बाकीचं गॅसचं, बाकीचं भिशीचं. आणि 28 दिवस ती मोजतही नाही. दोन एकादश्या गेल्या की रिचार्ज. रताळ्यांच्या घरात एकादशी कुणी विसरत नाही. ती तिथी आणि कंपनीचे 28 दिवस यांत एक-दीड दिवसाचा फरक पडतो, तेवढा वेळ तिचा फोन दर महिन्याला बंद असतो, आणि तेवढ्या वेळात मी किंवा बहीण घाबरून शेजाऱ्यांना फोन करतो. इतकी वर्षं मी समजत होतो की ती विसरते. तेरा रिचार्जचं मी तिला समजावून सांगितलं, अधिक महिन्याचा माझा विनोदही सांगितला. ती हसली नाही. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात," म्हणाली, "म्हणून दरसाल ह्येंचा धोंडा येतोय व्हय?"

संध्याकाळी ती रिचार्जला निघाली. एकादशी होऊन गेली होती. मी म्हटलं, मी इथनंच मारतो, दोन मिनिटांत. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं करून पदर नीट केला. मग मीही गेलो. गावाच्या एका टोकाला आमचं घर आणि दुसऱ्या टोकाला दुकान, चालायला दहा मिनिटं. आम्हाला पाऊण तास लागला. पारावर एकीच्या सुनेचं बाळंतपण, पुढं एकाच्या उसाला तोड मिळेना, डेअरीच्या पायरीवर फॅट कमी लागल्याची तक्रार. प्रत्येक ठिकाणी "रिचार्जला चाललोय" असं सांगून ती पाच-सात मिनिटं उभी. डोळ्याचं कसं आहे विचारलं की चष्मा काढून दाखवायची. दुकानात साखर, विड्यांची बंडलं, चप्पल, यूरियाच्या पोत्यावर ठेवलेला वजनकाटा. दुकानदारीण आईच्या माहेरची. आईनं कमरेची चंची सोडली, दोनशेची नोट काढली, एक रुपया परत घेतला आणि चंचीत टाकला. दुकानदारीणबाईनं नंबर विचारला नाही, तिला पाठ होता. फोन टुणकन वाजला. आईनं मेसेज उघडला नाही. बहिणीला एक मिसकॉल दिला, कापला, आणि थांबली. मिनिटभरानं तिकडून एक वाजून बंद. "चालू झाला," म्हणाली. बोलणं अमर्याद आहे, कितीही बोल, पैसे तेवढेच, हे मी तिला किती वेळा सांगितलंय याचा हिशेब नाही.

प्लॅनचं पुढं फार सांगण्यासारखं नाही. देवघर आणि गोठा दोन्हीकडं ज्याची रेंज बरी त्या कंपनीचा घेतला, कारण गावी गेल्यावर मला ऑफिसचे फोन येतात. बायकोचा नंबर दुसऱ्या कंपनीतून आणताना तिच्या आधारवरचं आडनाव माहेरचं निघालं, दोन हेलपाटे झाले. मुलगा म्हणाला मला नको, माझं इथं बरं चाललंय. तो हे ज्या सुरात म्हणाला तो मी ओळखीचा वाटून ऐकला. म्हणजे आम्ही प्लॅनमध्ये तिघंच, आणि बचत धरून चाललो होतो त्यापेक्षा बरीच कमी. चौथी जागा रिकामी. दुकानातल्या त्या पोरानं फॉर्म भरताना पुन्हा विचारलं, "फॅमिलीत किती, काका? मागं चार म्हणालता." मी जरा थांबलो. मागचं गिऱ्हाईक खाकरलं. लाल स्टूल तिथंच होतं, त्यावर आज कुणाचं तरी हेल्मेट होतं. "सध्या तीन घाल," म्हणालो.

गणपतीच्या आधी घराला रंग दिला तेव्हा मी पुन्हा गावी होतो. आकाशी रंग, आईच्या पसंतीचा. माजघराच्या भिंतीवर, कालनिर्णयच्या खिळ्याखाली, रंगाऱ्यानं वीतभर लांबीचा एक चौकोन जुनाच ठेवला होता, चुन्याचा, पिवळट. आईनं बजावून ठेवायला लावलेला. त्यात बॉलपेननं लिहिलेले फोन नंबर. आईचं अक्षर चौथीपर्यंतचं, आकडे मात्र ठसठशीत. इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून जेवलोय, पण नवीन रंगाच्या मधोमध ते असं चौकटीत बसवल्यावर पहिल्यांदा नीट वाचलं. वायरमन. डेअरी. फोंड्याचा भाऊ. म्हशीचा डॉक्टर. दुकानदारीण. बहिणीच्या नंबराच्या आधी निळ्या शाईचं शून्य, त्यावर आडवी फुली. आणि माझ्या नंबराच्या आधी, नंतर केव्हा तरी, लाल शाईत, दाटीवाटीनं बसवलेलं एक शून्य. दाजींनी कार्ड घालून दिलं तेव्हाचं असणार. त्या दिवसापासून परराज्यातला मी झालो होतो.

मी म्हणालो, आई, आता हे शून्य लागत नाही, खोडतो. खिशातून पेन काढलंही.

"र्‍हाऊ दे की," ती चुलीपाशनं म्हणाली. "लागतोय न्हवं फोन?"